रडीचा डाव आणि पंच कोण? : ऑनलाइन खेळांतल्या फसवणुकीची चाळीस वर्षं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इतिहासाच्या मालिकेत हे व्हिडिओ गेमचं काय मधेच, असं काहींना वाटत असेल. साहजिक आहे. पण न्यायसंस्था कशा जन्माला येतात आणि कशा मोडतात, हे अभ्यासायला इतकी आटोपशीर जागा मला दुसरी सापडलेली नाही. राज्यांच्या इतिहासात ज्याला शतकं लागतात, ते इथे पाच-सात वर्षांत होऊन जातं. आणि बऱ्याच गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत.

सुरुवात आपल्या गल्लीपासून करू. गल्लीतल्या क्रिकेटला पंच नसतो. चेंडू समोरच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट, हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ असतो. आउट होऊनही जो बॅट सोडत नाही, त्याला आपण म्हणतो 'रडीचा डाव'. दोन-तीनदा असं झालं की त्याला कोणी खेळायला घेत नाही. आता त्याच मैदानात कोणाचा तरी धाकटा भाऊ असतो, पाच वर्षांचा. तो लिंबूटिंबू. तो आउट झाला तरी आउट नसतो.

म्हणजे बघा, कृती एकच आहे : आउट झाल्यावर न जाणं. एकाच्या बाबतीत ती फसवणूक, दुसऱ्याच्या बाबतीत सगळ्यांनी केलेला लाड. फरक कृतीत नाही. फरक एवढाच, की एक गोष्ट सगळ्यांनी मिळून, उघडपणे मान्य केलेली आहे आणि दुसरी नाही. हे आज शेवटपर्यंत लक्षात ठेवा. खेळणारी माणसं हजारो मैलांवर, एकमेकांना अनोळखी अशी झाली, तेव्हा हे ठरवायचं कोणी? चाळीस वर्षांत याची चार उत्तरं देऊन झाली : खेळ बनवणारा, खेळणारे, स्वयंसेवक आणि यंत्र. चारही अपुरी पडली, आणि ती का पडली हाच आजचा विषय.

एका रात्रीत पाचपट पैसा

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. पुढे तो रिचर्ड बार्टलनं पुरा केला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. पण अनेक जण एकाच वेळी एकाच काल्पनिक प्रदेशात वावरू शकत. खूप गुण मिळवून जो सर्वांत वरच्या पायरीवर पोचे तो 'विझर्ड', म्हणजे मांत्रिक होई आणि त्याला इतरांवर अधिकार मिळत. खेळात मुरलेला माणूसच गावचा फौजदार. माणसं थोडी होती, तोवर हे चालून गेलं.

मोठा प्रयोग झाला तो १९८६ च्या सुमारास अमेरिकेत. 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मच्या खेळ विभागानं 'हॅबिटॅट' नावाचं एक चित्रमय गाव तयार केलं. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. घरचा कमोडोर ६४ संगणक टेलिफोनच्या तारेनं क्वांटम लिंक या सेवेला जोडायचा आणि गावात शिरायचं. ही क्वांटम लिंक म्हणजेच पुढची अमेरिका ऑनलाइन. नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

गावात चलन होतं, टोकन. नव्या माणसाला सुरुवातीला २,००० टोकन मिळत आणि रोज हजेरी लावली की आणखी १००. वस्तू विकणारी यंत्रं होती आणि तुमच्याकडच्या वस्तू परत विकत घेणारीही होती. कर्त्यांच्या नजरचुकीनं दोन वस्तूंचे भाव उलटे पडले. एका यंत्रात बाहुली ७५ ला मिळे, दुसरीकडे तीच १०० ला खपे. स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला जाई. काही खेळाडूंच्या हे लक्षात आलं. त्यांनी रात्रभर आधी बाहुल्यांच्या खेपा घातल्या आणि भांडवल जमल्यावर गोळ्यांच्या. सकाळी कर्ते बघतात तर गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला! त्यांना वाटलं, प्रोग्रॅममध्येच बिघाड आहे. त्या नवश्रीमंतांना विचारलं, तर उत्तर आलं की पैसा आम्ही सरळ मार्गानं कमावलाय, आणि कसा ते सांगणार नाही. बरीच मनधरणी केल्यावर ते बोलले.

आता ही फसवणूक होती का? स्वस्त तिथे घ्यायचं आणि महाग तिथे विकायचं, याला आपण बाजारपेठेत धंदा म्हणतो. (हशा) आणि गंमत म्हणजे त्या मंडळींनी त्या पैशांतून स्वतःहून गावासाठी खजिना शोधायच्या स्पर्धा भरवल्या. लोक खूश झाले. प्रकरण मिटलं, कारण गावाला ती रडी वाटली नाही.

पण त्याच गावात बंदुका होत्या. काही जण इतरांना मारून त्यांच्या हातातल्या वस्तू पळवू लागले. प्रोग्रॅम हे करू देत होता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नियमभंग काहीच नव्हता. तरी गाव चिडलं. एक खेळाडू खऱ्या आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मगुरू होता. त्यानं हॅबिटॅटमध्ये चर्च काढलं, आणि त्याच्या अनुयायांना शस्त्र बाळगायला मनाई होती. लोकांनी मतदान करून शेरीफही निवडला. निवडून आल्यावर प्रश्न उभा राहिला : याला अधिकार किती द्यायचे? त्यावर पुन्हा वाद.

इथे पहिला धडा मिळाला. प्रोग्रॅम काय करू देतो आणि माणसं काय खपवून घेतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवाणखान्यातली सभा

हा धडा सर्वांत कडवटपणे शिकावा लागला तो लॅम्डामूमध्ये. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये हे शब्दांचं जग सुरू केलं. कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला एक मोठा वाडा, त्यात खोल्या, आणि खोल्यांत देशोदेशीची माणसं गप्पा मारतायत. तिथे कोणालाही छोटे प्रोग्रॅम लिहून नव्या वस्तू तयार करता येत.

सुरुवातीला भांडणं सोडवण्याचं काम विझर्ड मंडळींकडे, म्हणजे व्यवस्थापकांकडे होतं. रोजच्या तक्रारींनी ती थकली. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केलं, की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक काम बघू. सामाजिक निर्णय तुमचे तुम्ही घ्या. सरपंचानं राजीनामा दिला, पण नवी पंचायत नेमलीच नाही, असा हा प्रकार.

तीनच महिन्यांनी, मार्च १९९३ मध्ये, 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्रानं एक प्रोग्रॅम वापरला. त्यामुळे दुसऱ्या पात्राच्या नावानं हवं ते वाक्य इतरांच्या पडद्यावर उमटवता येई. भर दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत, त्यानं काही पात्रं लैंगिक कृत्यं करत असल्याचं दाखवलं. त्या पात्रांमागच्या व्यक्ती आपापल्या घरी हतबल होऊन वाचत होत्या. तक्रार लिहिताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं त्यांच्यातल्या एकीनं नंतर सांगितलं. 'नुसतेच शब्द' म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण आपल्या नावानं चारचौघांत दुसऱ्यानं बोलावं, याचा अपमान कोणाला कळत नाही?

मग सभा भरली. तीसच्या आसपास पात्रं जमली. बंगलला कायमचं काढून टाका, असं काहींचं म्हणणं. काहींचं म्हणणं, आधी कायदा करा, मग शिक्षा द्या. स्वतः बंगलही येऊन गेला. काही तास बोलणं झालं, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डनं एकट्यानं, स्वतःच्या जबाबदारीवर, बंगलचं खातं पुसून टाकलं. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं हे सगळं त्याच डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये लिहिलं, आणि सायबर कायद्याच्या वर्गांत तो लेख आजही वाचला जातो.

कर्टिस परतल्यावर त्यांनी मतदानाची पद्धत आणली. पुरेशा लोकांचा पाठिंबा मिळालेला प्रस्ताव मताला टाकायचा. मंजूर झाला तर विझर्डांनी तो अमलात आणायचाच. लवादही नेमले गेले. काही वर्षं हे चाललं. पण भांडणांवर भांडणं आणि लवादांवर आरोप सुरू झाले. १९९६ मध्ये विझर्डांनी अधिकार परत घेतले आणि प्रामाणिकपणे एक कबुली दिली : तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे करता येतील हे आमचं गृहीतच चुकीचं होतं. किल्ल्या ज्याच्या हातात आहेत, तो 'मी यात पडत नाही' म्हणाला तरी तो त्यात असतोच.

फुकटचे पंच

१९९७ मध्ये टेक्सासच्या ओरिजिन कंपनीचा 'अल्टिमा ऑनलाइन' आला आणि हे गाव एकदम शहर झालं. आता महिन्याचे पैसे भरणारे ग्राहक होते. नवख्यांना वेशीबाहेर गाठून लुटणारे, मारणारेही होते. कंपनीनं प्रतिष्ठा मोजायच्या निरनिराळ्या पद्धती करून पाहिल्या. शेवटी २००० मध्ये सरळ जगाचे दोन भाग केले : एकात परवानगीशिवाय कोणी कोणाला मारू शकत नाही, दुसऱ्यात मोकळं रान. गाव एकत्र नांदेना, तेव्हा वाटणी झाली.

रोजच्या तक्रारी ऐकायला माणसं लागत होती. ती कुठून आणायची? खेळाडूंतूनच. 'कौन्सेलर' म्हणून स्वयंसेवक नेमले गेले. ठरावीक तास हजर राहायचं, नवख्यांना मदत करायची, अडचणी सोडवायच्या आणि हे सगळं बिनपगारी. तिकडे अमेरिका ऑनलाइनमध्ये चर्चाकक्ष सांभाळणारे असेच हजारो स्वयंसेवक होते. १९९९ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी कंपनीवर दावा लावला : वेळा तुम्ही ठरवता, कामाचे अहवाल तुम्ही घेता, मग आम्ही नोकर नाही तर कोण? पुढच्या वर्षी अल्टिमाच्या स्वयंसेवकांनीही तेच केलं. अमेरिका ऑनलाइनचं प्रकरण २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटलं.

आपल्याकडे उत्सवाच्या मंडळात राबणारा कार्यकर्ता पगार मागत नाही, कारण मंडळ त्याचं असतं. हेच काम दुसऱ्याच्या दुकानासाठी होतंय असं लक्षात आलं, की माणूस हिशोब मागतो. त्यात चूक काय?

सर्व्हर कोणाचा?

आता शब्दांकडून बंदुकीच्या खेळांकडे येऊ, कारण 'चीटिंग' म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. १९९६ मध्ये 'क्वेक' आला. या खेळांत फसवणूक मुळातच शक्य का होते, ते समजून घ्या. सर्व्हर तुमच्या संगणकाला सांगतो की शत्रू कुठे आहे. चित्र तुमचाच संगणक काढतो आणि भिंतीआडचा शत्रू तुम्हाला दाखवत नाही. पण माहिती तर घरात आलेली आहे! पत्ते उपडे ठेवले आहेत, पण ते तुमच्याच टेबलावर. ते उलटे करून बघणारा प्रोग्रॅम म्हणजे वॉलहॅक. नेम आपोआप धरणारा प्रोग्रॅम म्हणजे एमबॉट. डिसेंबर १९९९ मध्ये जॉन कारमॅक यांनी क्वेकचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. हेतू उदार होता. पण फसवी आवृत्ती तयार करणाऱ्यांनाही तो सापडला, आणि लगेच ऑनलाइन सामन्यांत गोंधळ माजला. २००० मध्ये 'पंकबस्टर' आणि २००२ मध्ये वाल्व कंपनीचं 'व्हॅक', अशी फसवणूक हुडकणारी यंत्रणा याच काळात उभी राहिली.

तरी त्या काळात खरा पंच माणूसच होता. 'काउंटर-स्ट्राइक'चे बहुतेक सर्व्हर खेळाडूंच्या गटांनी स्वतः चालवलेले असत. त्याचा ॲडमिन कोण, हे रोज येणाऱ्यांना ठाऊक असे. तो कधी लहरी असे, मित्राला पाठीशी घाली. मग तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवर जायचं. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तर प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीतच असायचा. त्याच्या पडद्यावर डोकावणं हाच आपला वॉलहॅक, आणि कॅफेचा मालक हेच सुप्रीम कोर्ट. (हशा)

पुढे कंपन्यांनी सामने जुळवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. बटण दाबा, दहा अनोळखी माणसं एकत्र येतील, खेळ संपला की पांगतील. सोय झाली, आणि गल्ली गेली. रडी करणाऱ्याला 'उद्या ये, बघतो' म्हणायला उद्या तिथे कोणी नसतंच.

आणि पंचच रडी खेळला तर? 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलंडच्या अंतराळ-खेळात खेळाडूंनी एकमेकांना गंडा घालणं चक्क चालतं. विश्वासघात हा त्या खेळाचा भागच आहे, तिथल्या सगळ्यांना ते मान्य आहे. पण २००७ मध्ये उघड झालं, की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं अधिकार वापरून दुर्मिळ आराखडे स्वतःच्या पात्राला दिले होते, आणि ते पात्र एका बलाढ्य गटात होतं. लाखोंचे गंडे पचवणारे खेळाडू या एका गोष्टीवर भडकले. कंपनीनं कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणारा विभाग काढला आणि २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेली सल्लागार परिषद सुरू केली. ती परिषद म्हणजे संसद नव्हे. पण कारभार बघायला बाहेरचा डोळा आला.

यंत्राची साक्ष

जुलै २०१० मधली एक घटना फारशी सांगितली जात नाही. 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळणाऱ्या सुमारे १२,००० जणांना व्हॅकनं फसवे ठरवून बॅन केलं. ते ओरडत होते, 'आम्ही काही केलेलं नाही.' पण पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दोनेक आठवड्यांनी वाल्वचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी कळवलं, की चूक आमच्या यंत्रणेची होती. बॅन उठवले, माफी मागितली, भरपाई म्हणून दुसरा एक गेम फुकट दिला. १२,००० जण एकदम अडकले म्हणून चूक दिसली. एकच जण अडकला असता तर?

२०१३ मध्ये वाल्वनं पुन्हा माणसांकडे वळून पाहिलं. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मध्ये 'ओव्हरवॉच' नावाची सोय आली. अनुभवी खेळाडूला संशयिताच्या सामन्याचं चित्रीकरण दाखवायचं. नाव झाकलेलं, बोलणं काढून टाकलेलं. नि:संशय पुरावा आहे की नाही, एवढंच सांगायचं. अनेकांच्या मतांवरून निकाल. ज्यूरीच म्हणा ना.

पण या ज्यूरीतून दोन गोष्टी निघाल्या. २०१८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये वाल्वच्या जॉन मॅकडॉनल्ड यांनी सांगितलं, की खेळाडूंच्या तक्रारीवरून आलेल्या खटल्यांत १५ ते ३० टक्केच दोषी ठरत. म्हणजे शंभरातल्या सत्तर तक्रारी टिकत नाहीत! हरणाऱ्याला जिंकणारा चोर वाटतो, हे जुनंच आहे. समाजाच्या नावानं गळा काढताना हेही विसरू नये. दुसरी गोष्ट अशी, की ज्यूरीचे निकाल वापरून कंपनीनं एका यंत्राला शिकवलं. त्या यंत्रानं पुढे केलेल्या खटल्यांत ८० ते ९५ टक्के दोषी निघाले. रात्री जागून हजारो खेळाडूंनी जे फुकट निवाडे दिले, त्यांतून त्यांच्यापेक्षा चांगला हेर तयार झाला.

आज काही खेळांची राखण करणारी प्रणाली तुमचा संगणक सुरू होतानाच जागी होते आणि त्याच्या गाभ्यात बसते. २०२० च्या 'व्हॅलोरंट'पासून याची खूप चर्चा झाली. एक खेळ खेळण्यासाठी घराची किल्ली देण्यासारखं आहे हे. लोक देतात, कारण रडीच्या डावाला ते कंटाळलेत.

शांघायमधली खुर्ची

शेवटचं उदाहरण आपल्याकडचं. ऑक्टोबर २०१८, शांघाय. ऑप्टिक इंडिया हा भारतीय काउंटर-स्ट्राइक संघ आशियाई अंतिम फेरीत व्हिएतनामच्या संघाविरुद्ध खेळत होता. सामना चालू असताना एका भारतीय खेळाडूच्या संगणकावर संशय आला. पंच त्याच्या खुर्चीपाशी आला. खेळाडू घाईघाईनं काहीतरी पुसायचा प्रयत्न करतोय, हे चित्रीकरण जगभर फिरलं. नेम धरायला मदत करणाऱ्या त्या फाइलचं नाव होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. संघ बाद झाला, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली, आणि ऑप्टिकनं भारतीय संघच बरखास्त केला.

फाइलच्या नावावर भरपूर विनोद झाले. मला मात्र उरलेले चार जण आठवतात. एकानं रडी केली, पाच जणांचा डाव मोडला. आणि कितीतरी दिवस परदेशी सामन्यांत भारतीय खेळाडू दिसला की त्या फाइलचं नाव कोणीतरी टाइप करायचंच. ती शिक्षा कुठल्याच पंचानं दिलेली नव्हती, आणि तिच्यावर अपील कुठे करायचं तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

तर मित्रहो, चाळीस वर्षांचा हिशोब मी असा मांडतो. फसवणूक पकडणं हे यंत्राला माणसापेक्षा चांगलं जमतं; ते त्याला करू द्यावं. पण फसवणूक कशाला म्हणायचं, लिंबूटिंबू कोण आणि किती दिवस, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते तिथे रोज खेळणाऱ्यांनीच ठरवायचं असतं. आणि ज्याच्या हाती किल्ली आहे त्यानं, 'माझं चुकलं असेल, सांग बघू' म्हणायला एक तरी दार उघडं ठेवायचं. हॅबिटॅटला हे आपोआप जमलं, कारण गाव लहान होतं. आता गाव लहान राहिलेलं नाही, म्हणून ते मुद्दाम जमवावं लागेल.

श्रोत्यांचा प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलाचं खातं मागच्या महिन्यात बॅन झालं. तो रडून सांगतो की मी काही केलं नाही. सर, मी कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : ताई, आधी त्याचं पूर्ण ऐका. २०१० मधले ते १२,००० जणही हेच सांगत होते. मग त्याच्या शेजारी बसून फोनमध्ये काय काय टाकलंय ते बघा. एखाद्या मित्रानं दिलेलं ॲप त्याला स्वतःला कळलेलंही नसेल. कंपनीला लिहा आणि कारण मागा. उत्तर साचेबंद येईल, तरी लिहा. आणि एक करा. तो रोज ज्यांच्याबरोबर खेळतो त्या चार मुलांना विचारा, याच्याबरोबर पुन्हा खेळाल का? ती मुलं लगेच हो म्हणाली, तर मी तुमच्या मुलावर विश्वास ठेवीन.